अभ्यासाचा पाठ : बेथेस्दाचें तळें आणि क्षयाचें नवें औषध

शास्त्रभाग : योहान, अध्याय ५, वचनें १ ते ९, २ राजे, अध्याय ५, लेवीय, अध्याय १३.

यरुशलेमांतील बेथेस्दा नांवाच्या तळ्याच्या पांच पडव्यांत पुष्कळ रोगी पडून राहत असत व त्यांत अडतीस वर्षें दुखणाईत असलेला एक मनुष्य होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. शब्बाथशाळेंत ती शिकवितांना आपण बहुधा त्या मनुष्याच्या बरें होण्याकडे लक्ष देतों. ह्या पाठापुरतें त्याच्या उत्तराकडे लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. प्रभूनें त्यास विचारिलें तेव्हां त्यानें पाण्याच्या गुणाविषयीं शंका काढिली नाहीं. पाणी बरें करितें हें तो मानीतच होता. त्याची तक्रार निराळी होती. पाणी हालतें त्या वेळीं त्यास उचलून तळ्यांत सोडणारें कोणी नव्हतें, आणि तो आपल्या पायांनीं निघे तोंवर दुसरा कोणी आधीं उतरून जाई. औषध होतें, तें डोळ्यांसमोर होतें, पण तें पहिल्यानें पोंहचणाऱ्याचें होतें. आणि पहिल्यानें पोंहचावयास स्वतःचे पाय तरी धड पाहिजेत किंवा उचलणारीं माणसें तरी पाहिजेत.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही गोदाकांठच्या एका लहान मंडळींत उपासनेस गेलों होतों. तेथें पेटीच्या शेजारीं एक तरुण बसला होता, पण पेटी वाजवीत होता दुसराच एक मुलगा. पूर्वी हाच वाजवीत असे, असें उपदेशकांनीं मागाहून सांगितलें. २०१४ सालीं त्यास क्षय झाला. नेहमींच्या गोळ्यांनीं उतार पडेना, तेव्हां पुन्हां थुंकी तपासली आणि कळलें कीं, हा नेहमींच्या औषधांस न जुमानणारा क्षय आहे. मग सहा महिने त्यास इंजेक्शनें टोंचलीं व पुढें दीड वर्ष मूठ मूठ गोळ्या दिल्या. क्षय गेला; परंतु चौथ्या महिन्यापासून कानांत घूं घूं असा आवाज होऊं लागला आणि सुया संपण्यापूर्वींच ऐकूं येणें बंद झालें. आतां गीत चालूं असतां तो गाणारांच्या ओंठांकडे पाहतो व गुडघ्यावर बोटांनीं ताल धरितो. ताल बहुतेक चुकत नाहीं. हें सांगून झाल्यावर उपदेशक म्हणाले, "साहेब, आतां म्हणे ह्या रोगाला सुई लागतच नाहीं, नुसत्या गोळ्यांनीं माणूस बरा होतो. मग त्या गोळ्या तेव्हां कोठें होत्या?"

हा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन आलों, आणि हा पाठ त्याच्याच उत्तरासाठीं लिहिला आहे.

गोळ्या होत्या. त्या औषधाचें नांव बेडाक्विलिन. बेल्जम देशांत जॉन्सन अँड जॉन्सन ह्या कंपनीच्या एका शाखेंतील शास्त्रज्ञांनीं तें शोधून काढिलें, २००५ सालीं त्याची माहिती जगापुढें ठेविली, आणि २८ डिसेंबर २०१२ रोजीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें तें विकण्यास परवानगी दिली. आमच्या त्या तरुणास पहिली सुई टोंचली त्याच्या एक वर्षाहून अधिक आधींची ही गोष्ट आहे. औषध आणि तो ह्यांच्या मध्यें दोन दारें उभीं होतीं. एक नियमाचें आणि एक किंमतीचें. हीं दारें कोणीं बांधिलीं, त्यांत योग्य काय आणि अयोग्य काय, हें नीट समजून घेतल्यावांचून "डॉक्टर लबाड" किंवा "सरकार निष्ठुर" असें म्हणून मोकळें होणें बरें नव्हे. पण त्यासाठीं आधीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचें नांव आमच्या जुन्या वाचकांच्या घरोघरीं ठाऊक आहे. क्षयावर औषधच नव्हतें त्या काळीं अशा आरोग्यधामांत मोकळी हवा, दूध, अंडीं आणि महिनोगणती अंथरुणावर निजून राहणें हाच काय तो उपचार असे. १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन व त्यांचे शिष्य शॅट्झ ह्यांस मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें. ह्या शोधाचे एकट्यानें हक्क घेण्याचा करार एका मोठ्या कंपनीशीं आधींच झालेला होता. परंतु एवढ्या गरजेचें औषध एका हातांत राहणें ठीक नाहीं असें वाक्समन ह्यांनीं कंपनीस विनविलें, आणि कंपनीनेंही तो करार सोडून दिला. मग पेटंट विद्यापीठाच्या न्यासाकडे आलें व पुष्कळ कारखान्यांस औषध करण्याची मुभा मिळाली. कंपनीस लाभ सोडतां येतो, हें त्या वेळीं तरी दिसून आलें.

इंग्लंडांत तें औषध इतकें थोडें होतें कीं, सर्वांस देणें शक्यच नव्हतें. तेव्हां तेथील संशोधकांनीं १०७ रोग्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली. ५५ जणांस औषध दिलें, ५२ जणांस नुसती विश्रांति. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांत ४ व दुसऱ्यांत १४ मृत्यु झालेले होते. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेली ही चाचणी पुढच्या सर्व औषध-चाचण्यांचा कित्ता ठरली. अशा रीतीनें उणिवेंतून एक चांगला नियम जन्मास आला. ज्या ५२ जणांच्या वांट्यास औषध आलें नाहीं त्यांचें ऋण मात्र आजचा प्रत्येक रोगी बाळगून आहे.

ह्याहून बोधप्रद गोष्ट आयसोनायझिड ह्या औषधाची आहे. १९५२ सालीं तीन निरनिराळ्या कंपन्यांस एकाच सुमारास आढळून आलें कीं, हा साधा पदार्थ क्षयाच्या जंतूस मारितो. तिन्ही पेटंट घेण्यास धांवल्या असत्या. परंतु तो पदार्थ १९१२ सालींच प्राग शहरांत दोघां अभ्यासकांनीं तयार करून छापून ठेविला होता. त्यास क्षयाशीं कांहीं संबंध असेल हें त्या दोघांच्या स्वप्नींही नव्हतें. छापून प्रसिद्ध झालेली वस्तु पुन्हां कोणाच्या मालकीची होत नाहीं, ह्यामुळें ती गोळी कोणासही करितां आली आणि अत्यंत स्वस्त झाली. पुढें १९५६ सालीं मद्रासेस एक क्षय-संशोधन केंद्र निघालें. त्यानें अर्धे रोगी रुग्णालयांत ठेविले व अर्ध्यांस त्यांच्या दाटीच्या, गरिबीच्या घरींच गोळ्या दिल्या. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला कीं, घरीं राहिलेले रोगीही रुग्णालयांतल्यांइतकेच बरे झाले. तेव्हांपासून खाटांची वाट पाहणें संपलें. गोळी महाग असती तर असा प्रयोग करण्याचें कोणाच्या मनांत तरी आलें असतें काय?

त्यानंतर रिफाम्पिसिन आलें, आणि मग चाळीस वर्षें क्षयावर नव्या जातीचें एकही औषध आलें नाहीं. ह्या शांततेचें कारण रोग थांबला हें नव्हे. २०२३ ह्या एका वर्षांत जगांत १ कोटी ८ लाख माणसें क्षयानें आजारी पडलीं व साडेबारा लाख मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्या आजाऱ्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक आपल्या देशाचे आहेत. इतकें गिऱ्हाईक असून बाजार नाहीं, असा हा चमत्कारिक धंदा! कारण हें गिऱ्हाईक बहुतेक गरीब. ज्यास आयुष्यभर गोळी घ्यावी लागेल अशा श्रीमंत देशांतल्या रोग्यासाठीं औषध शोधणें कंपनीस परवडतें. सहा महिन्यांत बरा होणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या रोग्यासाठीं शोधणें परवडत नाहीं. नफ्याचा दोष केवळ महागाईंत नाहीं. जें औषध कधीं शोधिलेंच गेलें नाहीं त्याची किंमत कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते. ह्या दृष्टीनें पाहतां, इतरांनीं पाठ फिरविली असतां ज्या शास्त्रज्ञांनीं बेडाक्विलिनचा माग सोडला नाहीं, त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

आतां नियमाच्या दाराकडे येऊं. लेवीयाच्या तेराव्या अध्यायांत, अंगावर डाग दिसला म्हणजे याजकानें काय करावें हें सांगितलें आहे. त्यानें उतावळेपणानें शुद्ध अथवा अशुद्ध म्हणावयाचें नाहीं. सात दिवस त्या मनुष्यास निराळें ठेवावयाचें व सातव्या दिवशीं पुन्हां पाहावयाचें. औषधांच्या नियमामागें हीच सावधगिरी आहे. तिचें मोल कळण्यास दूर जावयास नको. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रोगी मेले, ते रोगानें नव्हे, तर विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरिनामुळें. आणि न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या चौकशींत औषधांवर देखरेख करणारी व्यवस्था किती सडलेली होती हें उघडकीस आलें. नियम नसला किंवा विकला गेला, म्हणजे असें होतें. औषधावर पहारा नको असें म्हणणाऱ्यांनीं ते १४ जण आठवावे.

बेडाक्विलिनविषयींची भीतिही निराधार नव्हती. ज्या लहानशा चाचणीवरून अमेरिकेनें परवानगी दिली तींत औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकीं १० मेले होते, व न घेणाऱ्या ८१ जणांपैकीं केवळ २. ह्यांतील बहुतेक मरण औषधामुळें आले असें सिद्ध झालें नव्हतें, पण नाहीं असेंही म्हणतां येईना. हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होण्याचा संभव होता. शिवाय दुसरी एक अडचण होती. नवें औषध जोडीच्या चांगल्या औषधांवांचून वाटेल तसें दिलें, तर जंतु त्यासही सरावतात, आणि मग शेवटचें हत्यारही बोथट होतें. आपल्याकडे नेहमींच्या औषधांची अशीच नासाडी झालेली आहे. म्हणून भारत सरकारनें २०१५ सालीं परवानगी दिली ती अटींवर दिली, आणि २०१६ च्या मार्चांत औषध सुरू केलें तें दिल्ली, मुंबई, चेन्नई, अहमदाबाद व गुवाहाटी ह्या पांच शहरांतील सहा ठिकाणींच. आरंभास एवढें कुंपण घालणें आम्हांस अयोग्य वाटत नाहीं.

परंतु कुंपणाचा एक स्वभाव असतो. पिकासाठीं घातलेलें कुंपण कांहीं दिवसांनीं स्वतःसाठींच उभें राहतें. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी दिल्लीस ह्या औषधासाठीं आली. तिच्यावर दुसऱ्या बहुतेक औषधांचा उपाय चालत नव्हता. तेव्हां ती दिल्लीची रहिवासी नाहीं अशी अडचण पुढें आली. जंतूनें तिच्या फुप्फुसांत शिरतांना रहिवासाचा दाखला मागितला नव्हता! तिच्या वडिलांनीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि २०१७ च्या जानेवारींत तिला औषध मिळण्याची वाट मोकळी झाली. २०१८ च्या ऑक्टोबरांत ती मरण पावली. वेळीं मिळालें असतें तर ती वांचली असती असें ठामपणें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण पाणी हाललें तेव्हां तिला उचलावयास एक बाप होता, त्यास वकील मिळाले, व न्यायाधीशांनीं ऐकिलें; ज्यांस हें कांहींच नव्हतें ते पडवींतच राहिले आणि त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत.

याजकानें सातव्या दिवशीं पुन्हां पाहावयाचें असतें, हें वर सांगितलें. हें पुन्हां पाहणें दक्षिण आफ्रिकेनें केलें. तेथें हजारों रोग्यांस बेडाक्विलिन दिलें होतें, आणि त्यांची नोंद तपासतां असें दिसलें कीं, औषध घेणाऱ्यांत मृत्यु अधिक नव्हेत, उलट कमीच झाले. २०१८ च्या जूनांत त्या देशानें सुई बाजूस ठेवून ही गोळी सर्वांस देण्याचें ठरविलें. ऑगस्टांत जागतिक आरोग्य संघटनेनें गोळीस पहिल्या रांगेंत बसविलें व कान घेणाऱ्या सुयांस मागें सारिलें. भारतांतही त्यानंतर हें औषध हळूहळू सर्व राज्यांत पोंहचलें. आमच्या पेटीवाल्या तरुणाचे कान मात्र त्यापूर्वींच गेले होते.

दुसरें दार किंमतीचें. एका रोग्यास सहा महिन्यांत ह्या औषधाच्या १८८ गोळ्या लागतात. परवानगी मिळाली त्या काळीं कंपनीनें ह्या १८८ गोळ्यांचे तीन भाव ठेविले होते: श्रीमंत देशांस सुमारें ३०,००० डॉलर, मध्यम देशांस ३,००० आणि अगदीं गरीब देशांस ९००. गोळी तीच, कारखाना तोच. मोठ्या प्रमाणावर केल्यास ह्या गोळ्या ४८ ते १०२ डॉलरांत होऊं शकतील असा हिशेब २०१७ सालीं स्वतंत्र संशोधकांनीं मांडिला. शोधास खर्च येतो, दहा औषधें फसतात तेव्हां एक साधतें, असें कंपन्या सांगतात व तें खोटें नाहीं. परंतु ह्या औषधावर सार्वजनिक पैसाही पुष्कळ लागला होता. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें चाचण्या, करसवलती वगैरे सर्व धरून लोकांचा पैसा कंपनीच्या पैशाच्या १.६ पासून ५.१ पटींपर्यंत होता. ज्या विहिरीसाठीं गांवानें अर्ध्याहून अधिक वर्गणी दिली, तिचें पाणी गांवास विकत घ्यावें लागावें, हें न्यायाचें आहे काय?

कंपनीनें अमेरिकेच्या सरकाराबरोबर मिळून २०१५ पासून चार वर्षें हजारों रोग्यांचें औषध फुकटही दिलें, आणि भारतांत आरंभीं जें आलें तें ह्याच दानांतून. दानाविषयीं कृतज्ञता असावी. तरी दान आणि रास्त भाव ह्यांत अंतर आहे. किती द्यावें, कोणास द्यावें व केव्हां थांबवावें हें दाता ठरवितो. घेणारास पुढच्या वर्षाचा हिशेब बांधितां येत नाहीं. आमच्या मंडळ्यांनीं मिशनच्या मदतीवर पुष्कळ वर्षें काढिलीं आहेत, तेव्हां हें त्यांस अधिक समजावून सांगावयास नको.

येथें २ राजे ह्या पुस्तकाचा पांचवा अध्याय वर्गांत वाचावा. नामान सेनापति रुपें, सोनें व वस्त्रें घेऊन आला होता, व बरा झाल्यावर तें सर्व देण्यास आनंदानें तयार होता. अलीशानें कांहींही घेतलें नाहीं. गेहजी मात्र रथामागें धांवला आणि खोटें निमित्त सांगून रुपें व वस्त्रें घेऊन आला. ह्या गोष्टीवरून पुष्कळ जण असा अर्थ काढितात कीं, रोग्यापासून पैसा घेणेंच पाप. आम्हांस तसें वाटत नाहीं. कामकऱ्यास मजुरी मिळावी हें शास्त्राचेंच म्हणणें आहे, आणि डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळेंत रात्री काढणारे लोक हे कामकरीच आहेत. गेहजीनें मजुरी मागितली नाहीं. जें काम त्यानें केलें नव्हतें, व जें देवानें फुकट दिलें होतें, त्यावर त्यानें आपला कर बसविला. नफ्याची परीक्षा करितांना हा भेद हातीं धरावा.

हा भेद आमच्या देशाच्या पेटंट कायद्यांतही एका कलमाच्या रूपानें आला आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्यास कांहीं वर्षें दिलेला एकट्याचा हक्क. १९७० च्या कायद्यानें भारतांत औषधाच्या पदार्थावर असा हक्क मिळत नसे. फक्त तो बनविण्याच्या रीतीवर मिळे, आणि तोही थोडीं वर्षें. म्हणून आपले कारखाने दुसऱ्या रीतीनें तेंच औषध करून स्वस्त विकीत. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद ह्यांनीं एड्सचीं औषधें एका रोग्यास वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केलीं. त्या वेळीं बाहेर त्यांची किंमत दहा हजारांहून अधिक होती. जागतिक व्यापार-करारामुळें २००५ पासून भारतास औषधाच्या पदार्थावर वीस वर्षांचें पेटंट मान्य करावें लागलें. तरी त्याच वेळीं संसदेनें एक अट घातली. जुन्याच औषधाचें नवें रूप, उदाहरणार्थ नवा क्षार, अधिक गुणकारी ठरल्यावांचून नवा शोध मानला जाणार नाहीं. जुन्या विहिरीवर नवा रहाट बसविला म्हणून विहीर पुन्हां वीस वर्षें आपली, असें म्हणतां येत नाहीं, हा तिचा अर्थ.

बेडाक्विलिनवरील मूळ हक्क भारतांत २०२३ च्या जुलैंत संपावयाचा होता. कंपनीनें त्याच्या एका क्षारावर दुसरा हक्क मागितला होता; तो मिळता तर २०२७ पर्यंत दुसऱ्या कोणास ही गोळी करितां आली नसती. २०१९ च्या फेब्रुवारींत दोन स्त्रियांनीं ह्या मागणीस हरकत घेतली. एक मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दुसऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींसही क्षय झाला होता, दोघी वांचल्या, आणि उपचारांतील इंजेक्शनांनीं दोघींचेही कान गेले होते. ज्यांस स्वतःला आतां ह्या गोळीची गरज उरली नव्हती, त्यांनीं मागच्यांसाठीं कागद लिहिले, आणि 'सीमारहित डॉक्टर' ह्या संस्थेनें त्यांस साहाय्य केलें. चार वर्षें काम चाललें. २०२३ च्या मार्चांत पेटंट कार्यालयानें कंपनीची मागणी फेंटाळिली.

त्याचा परिणाम आंकड्यांतच पाहावा. वाटाघाटींनीं ह्या १८८ गोळ्यांचा भाव गरीब व मध्यम देशांसाठीं २०१८ सालीं ४०० डॉलर व २०२० सालीं ३४० डॉलर झालेला होता. मूळ हक्क संपल्यावर २०२३ च्या ऑगस्टांत जागतिक क्षय-औषध भांडारानें नवे भाव जाहीर केले: मुंबईच्या ल्युपिन कंपनीचा १९४ डॉलर, आणि मूळ कंपनीचा स्वतःचा १३० डॉलर. एका गोळीस एका डॉलराहूनही कमी पडलें. आणि सप्टेंबरांत, जगभर गलका झाल्यावर, उरलेले हक्क १३४ गरीब व मध्यम देशांत आपण बजावणार नाहीं असें कंपनीनें कळविलें. १३० डॉलरांत जी विकतां येते ती गोळी आधीं ९०० व ३,००० डॉलरांस कां होती, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक रोग्यास आहे.

नफ्यावांचून औषध शोधितां येतें काय, ह्याचेंही एक उत्तर मिळालें आहे. प्रेटोमॅनिड हें औषध, नफा न घेणाऱ्या एका संस्थेनें सरकारांच्या व दात्यांच्या पैशावर सिद्धीस नेलें, आणि २०१९ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड व आणखी दोन औषधें मिळून सहा महिन्यांचा, सुईवांचूनचा उपचार होतो. भारत सरकारनें २०२४ च्या सप्टेंबरांत तो सुरू करण्यास मान्यता दिली. दोन वर्षें आणि कान, ह्यांच्या ठिकाणीं सहा महिने आणि गोळ्या.

आतां उपदेशकांनीं व बायबलबायांनीं करावयाच्या कामाविषयीं थोडेंसें. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रींचा घाम, वजन उतरणें, ह्यांपैकीं कांहींही दिसलें तर त्या माणसास सरकारी दवाखान्यांत घेऊन जावें. "जा" म्हणून सांगूं नये, बरोबर जावें. थुंकीची तपासणी फुकट होते. क्षय निघाला तर औषधांस जुमानणारा कीं न जुमानणारा हें सांगणाऱ्या यंत्रावर तपास झाला काय, असें नम्रपणें पण स्पष्ट विचारावें. तें यंत्र कांहीं तासांतच सांगतें. सुईवांचूनचा उपचार आमच्या माणसास लागू आहे काय, हेंही विचारावें. सर्वांसच तो लागू पडतो असें नाहीं. गरोदर बाई, लहान मूल किंवा दुखरें हृदय असल्यास डॉक्टर निराळें ठरवितील, आणि बेडाक्विलिन चालूं असतां हृदयाचा आलेख वेळोवेळीं काढावा लागतो. तो काढण्यास तालुक्यास जावें लागलें तर भाड्याची तजवीज मंडळीनें करावी. रोग्याच्या खान्यापिण्यासाठीं सरकार २०२४ च्या नोव्हेंबरपासून दरमहा १,००० रुपये देण्याचें ठरवून बसलें आहे. ते बँकेच्या खात्यांत येतात, आणि खाजगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्याचीही नोंद झाली असल्यास त्यासही मिळतात. खातें नसेल तर तें उघडून देणें हेंही एक सेवेचें कामच आहे.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची विशेष काळजी घ्यावी. गळीत हंगाम आला म्हणजे गोळ्या घरीं राहतात व कोयता बरोबर जातो. रोग्याची नोंद एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत नेतां येते. निघण्यापूर्वीं दवाखान्यांत सांगून नोंदीचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, आणि तो कागद मुकादमाकडे नव्हे, रोग्याच्या बायकोकडे किंवा आईकडे द्यावा. मुकादमाच्या हातीं गेलेले कागद परत येत नाहींत, हा आमचा अनुभव आहे.

पुढच्या सभेंत हे प्रश्न घ्यावे. नामानानें रुपें आनंदानें दिलें व त्याचें कांहीं नुकसानही झालें नाहीं. मग गेहजीचा अपराध नक्की कोणाविरुद्ध होता? लेवीयाच्या नियमांत याजकास पुन्हां पाहण्यास सांगितलें आहे. तो सातव्या दिवशीं आलाच नाहीं तर डाग असलेल्या माणसानें कोणाकडे जावें? आणि बेथेस्दाच्या पडवींत त्या माणसाच्या आसपास इतके लोक अडतीस वर्षें येत-जात होते, ते काय करीत होते?